प्रवरेच्या काठाने

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचे!) ही वाट मी यंदा उलटी, संगमाकडून उगमाकडे, एस.टी.ने चढलो.

नेवाशाला पैसाचा खांब पाहिला. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, असे मानतात. सांगितली, बरे का! लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते, म्हणून त्या नऊ हजारांवर ओव्या हाती राहिल्या. पुढे संगमनेर. ते अनंतफंदीचे गाव. त्याचे फटके डफावर गाजले आणि पुढे छापलेही गेले.

पण पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईपाशी कोण लेखणी घेऊन बसणार? पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस, पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवां यांनी हे काम मनावर घेतले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. तिकडे स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरही बायका ओले लोकरी कापड फळीवर आपटीत गात. ते काम यंत्राने उचलले आणि गाण्याचे निमित्तच गेले. आपल्याकडे पिठाची गिरणी आली.

अकोल्याच्या वर, डोंगरातल्या एका गावात, ओळखीच्या मास्तरांनी मला एका घरी नेले. पडवीत जात्यावर कोंबड्यांचे डालगे ठेवलेले. आजींना ओवी म्हणा म्हटले, तर त्या संकोचल्या.

"आसं बसून न्हाई सुचत, दादा. जातं फिराया पायजे."

डालगे हलले, जाते पुसले, खुंटा ठोकला, सुपात नाचणी आली. दोन-तीन फेरे नुसतीच घरघर. मग पहिली ओवी देवाला, दुसरी आईला, आणि त्यानंतर भावाची जी सुरू झाली ती थांबेना. दिवाळीला न्यायला न आलेला भाऊ, त्याची वाट पाहिलेले ते वळण, सासूपुढे घेतलेली त्याची बाजू, सारे त्या फेऱ्यांतून बाहेर येत होते. सून दाराशी उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "बारा वर्सं झाली मला या घरात. आत्याबाईंना भाऊ हाये, हे आज कळलं."

सुपातली नाचणी सरली तशी आजी खुंटा सोडून बसल्या. मी म्हटले, "आजी, आणखी एक म्हणा की."

"मंग आणखी दाणं आणा," आजी म्हणाल्या.