कीड आणि किडा

पावसाळा सरत आला की आमच्या परसातल्या झुडपांवर हिरवे प्रार्थनाकीटक दिसू लागतात. त्यांतला एखादा आम्ही जाळी लावलेल्या मोठ्या बरणीत पाळतो आणि घरातली झुरळे, माश्या, धान्याच्या डब्यातून उडणारे पतंग त्याला खाऊ घालतो. जुन्नरच्या जुन्या घरात या खाद्याची टंचाई सहसा भासत नाही.

मेलेल्या भक्ष्याकडे हा कीटक बहुधा ढुंकूनही पाहत नाही. समोर काही हलले, तरच त्याचे त्रिकोणी डोके वळते, काटेरी पुढचे पाय क्षणार्धात मिटतात आणि भक्ष्य जिवंत असतानाच तो खाऊ लागतो. म्हणून झुरळ जिवंत पकडावे लागते. चपलेने मारताना मनात काही येत नाही. तेच झुरळ बरणीत सोडताना हात थबकतो. झुरळाला मरण चुकत नाही. आम्हांला मात्र ते पाहावे लागते.

मराठीत ‘कीड’ लागते आणि ‘कीड’ मारली जाते. त्या समूहवाचक शब्दात एकेक जीव दिसेनासा होतो. ‘किडा’ मात्र एकटा असतो. बरणीत कीड टाकता येत नाही, किडाच टाकावा लागतो.

या मुलखाला हा पेच नवा नाही. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन शिलालेखात अश्वमेधासह अनेक यज्ञांची नोंद आहे. इकडे लेण्याद्रीच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंचे विहार आहेत. पावसाळ्यातल्या भ्रमंतीत बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर बुद्धाने भिक्षूंना वर्षावास घालून दिला, असे विनयपिटक सांगते. यज्ञकर्त्याला आपला बळी ठाऊक असे. भिक्षूला न दिसणाऱ्या जीवाचीही चिंता करावी लागे. आम्ही या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे आहोत.

अर्थात, एका प्रार्थनाकीटकाने घर झुरळमुक्त होत नाही. पण विष पोटात गेलेले झुरळ त्यालाही मारू शकते; म्हणून कीटकनाशक खडू आणि फवारे आमच्या घरातून गेले. विष ‘उपद्रवी’ आणि ‘उपयुक्त’ असा भेद करीत नाही. तसा तो प्रार्थनाकीटकही करीत नाही. मधमाशी मिळाली तर तीही खातो.

कात टाकण्यापूर्वी तो उलटा लटकतो आणि अन्न सोडतो. त्या अवस्थेत बरणीत उरलेले झुरळ त्यालाच कुरतडू शकते. म्हणून ते बाहेर काढावे लागते. अशा वाचलेल्या झुरळावर चप्पल उचलणे आम्हांला अजून जमलेले नाही. ते आम्ही परसात सोडतो. घराकडे परतायची वाट त्याला ठाऊक असणारच.