बोट लागली तर?

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्विमिंग पूल, गॉगल, डीजे आणि हातात छत्री खोचलेला ग्लास. फोटोत केबिन कधी दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे, पैसे आपण मोजतो ते केबिनचे! पूल, डीजे, बुफे सगळ्यांना सारखेच. तिकिटात हजारोंचा फरक पडतो तो तुम्ही झोपणार कुठे, यावर. तरी लंच टाइममध्ये बुकिंगला बसलेल्या मंडळींचे प्रश्न ऐका. 'सगळ्यात स्वस्त कुठली?' नाहीतर 'बाल्कनी आहे का?' संपलं. 'बरोबर कोण येतंय?' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझ्याबरोबर येणार होते आई-बाबा. बाबांची रिटायरमेंट, जानेवारी २०२४, तीन रात्री, मुंबई-गोवा-मुंबई. बाबा देवगडचे. त्यांच्या शाळकरी वयात मे महिन्याची सुट्टी म्हणजे भाऊचा धक्का आणि 'कोकण सेवक'. डेकवर चटई टाकायची, उशाला ट्रंक घ्यायची, आणि देवगड आलं की भर समुद्रात बोटीवरून पडावात उतरायचं. ही कथा मी इतक्या वेळा ऐकलीय की त्यातल्या ट्रंकेचा रंगसुद्धा मला पाठ आहे. तेव्हा 'क्रूझ' हा शब्द ऐकताच बाबा उडालेच!

आईचं मात्र अवघड होतं. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा. पण त्या भागातल्या घरांमध्ये ही गोष्ट मुलांना न सांगता कळते. तिच्या आजीनं घरातल्या कुणालाच पुन्हा लाँचमध्ये पाय ठेवू दिला नाही. परिणाम काय, तर आमची आई साठीला आली तरी अलिबागला कायम पनवेल-पेण करत एसटीनं! गेटवेहून मांडव्याला तासाभरात जाता येतं, हे तिला माहीत होतं. तिला ते नको होतं.

आता अशा माणसाला तीन रात्री समुद्रावर न्यायचं म्हणजे 'काही होत नाही गं' एवढ्यावर भागत नाही. त्यात तिचे गुडघे. आणि वर तिची खात्री, की आपल्याला बोट लागणारच. (मराठीत बोट 'लागते', गाडीही 'लागते'. इतका चपखल शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.)

म्हणून आधी ट्रायल. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो जाते. तासाभराचा प्रवास, गाडीसकट. क्रूझचे पैसे भरायच्या आधी ज्याला शंका आहे त्याला एकदा या रो-रोत बसवा, हा माझा फुकटचा सल्ला. आई पहिली वीस मिनिटं बाकाची कड घट्ट धरून बसली होती. मग वडा मागवला. वडा खाल्ला म्हणजे पास! बाबांनी लगेच 'बघ, बघ' सुरू केलं, तेव्हा त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं.

मग जहाज. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघू लागलेली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. हे जहाज नवं कोरं आहे असा पुष्कळांचा समज असतो. १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेलं हे 'नॉर्डिक एम्प्रेस', रॉयल कॅरिबियनचं. लांबी २११ मीटर. हा इतिहास केबिन निवडताना कामाला येतो बरं का! त्या काळात प्रत्येक खोलीला बाल्कनी देण्याची फॅशन रुजलेली नव्हती. त्यामुळे बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि महाग. बाकी सगळा खेळ बिनखिडकीच्या आणि खिडकीवाल्या खोल्यांचा.

इथं एंट्री घेतली आमच्या एजंटनं. नाव कशाला घ्या. 'मॅडम, पेरेंट्सना घेऊन जाताय तर टॉपला घ्या, सुइट घ्या, व्ह्यू काय आहे!' व्ह्यू असेलही. पण झोपाळा आठवा. कडीजवळ कमी हलतं, पाटाशी जास्त. जहाजही असंच, फक्त उलटं टांगलेलं. जितकं वर जाल, जितकं पुढच्या किंवा मागच्या टोकाला जाल, तितकं डोलणं जास्त. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते कुशीवर डोलणं कमी करतात, नाक वरखाली होणं मात्र फारसं थांबवू शकत नाहीत. म्हणून ज्याला बोट लागते त्यानं खालचा डेक आणि मधला भाग धरावा. आणि योगायोगानं तो स्वस्तही असतो. पुढच्या टोकाला पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट, मागच्या टोकाला इंजिनाची थरथर, हे बोनस वेगळेच.

डेक प्लॅन उघडा आणि आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे ते बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं! वर नाइट क्लब असेल तर पहाटेपर्यंत तुमच्या छतावर कुणीतरी नाचणार. वर किचन असेल तर ट्रॉल्या फिरणार. पूल असेल तर सकाळी सहाला खुर्च्या सरकवल्या जाणार. वर खोल्या, खाली खोल्या, मध्ये आपण, हे उत्तम. लिफ्ट जवळ हवी (गुडघे!), पण अगदी दाराशी नको. आणि खिडकीवाली खोली घेताना तिच्यासमोर लाइफबोट लटकलेली नाही ना, हे विचाराच. नाहीतर समुद्राऐवजी तीन दिवस नारिंगी फायबर बघत बसाल. 'गॅरंटी' नावाचा एक प्रकार असतो. पैसे कमी, पण नंबर नंतर कंपनी देणार. चार मित्र असाल तर बिनधास्त घ्या. आई असेल तर अजिबात नको.

बिनखिडकीची खोली वाईट नसते, हेही सांगते. मिट्ट काळोख, मस्त झोप. तुम्ही रात्री तीनला येऊन दुपारी बाराला उठणार असाल तर खिडकीचे पैसे कशाला? पण बोट लागते कशी? कान मेंदूला सांगतो 'हलतंय', आणि चार भिंती बघणारे डोळे सांगतात 'छे, सगळं जागेवर आहे'. या भांडणात पोट मरतं. क्षितिज दिसलं की डोळ्यांनाही कळतं, आणि भांडण मिटतं. म्हणून खिडकी. आमच्यासाठी ती चैन नव्हती, औषध होतं.

राहिली बाजू. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डावीकडे असतो, उजवीकडे सूर्यास्त. परतताना उलटं. संध्याकाळी निघून रात्रभर जाणाऱ्या जहाजातून किनारा म्हणजे काय दिसणार, तर दिवे. फोटोवाल्यांनी खुशाल उजवी बाजू घ्यावी. आम्ही डावी घेतली, कारण बाबांनी हिशेब केला होता की पहाटे चार-साडेचारला आपण देवगडसमोर असू. खोलीच्या नंबरावरून बाजू ओळखायची रीत जहाजागणिक बदलते, तेव्हा प्लॅनवर जहाजाचं नाक कुठे आहे ते बघून मोजा.

दोन बिनखिडकीच्या खोल्या की एकच खिडकीवाली आणि तिघं? ऑफिसात एका मैत्रिणीनं 'प्रायव्हसी नको का?' विचारलं. हवी की! पण भाडं माणशी असतं, तेही दोघं एका खोलीत धरून. एकट्यानं खोली घेतलीत तर जवळपास दोघांचे पैसे लागतात. तिसऱ्याला सहसा कमी पडतात. त्याला मिळतो तो छतातून उघडणारा, शिडीनं चढायचा बर्थ. म्हणजे मी. खाली बाबांचं घोरणं, आणि नाकापासून दोन फुटांवर छत. आणि भाड्याचा आकडा फायनल समजू नका. त्यावर पोर्ट चार्जेस, टिप आणि जीएसटी चढतो. दारू, वाय-फाय, स्पा, बसनं करायची सहल, सगळं वेगळं. जेवण मात्र तिकिटात. जैन जेवणही मिळतं.

लक्षद्वीपचा मोह झाला होता. निळं पाणी, पांढरी वाळू, आणखी काय हवं? पण तिथं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रात उभं राहतं, आणि तुम्ही छोट्या बोटीत उतरायचं. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द. बाबांना ऐकूनच भरून आलं, 'अगदी पडावासारखं!' आणि त्याच वाक्यानं आईनं लक्षद्वीप बाद केलं. गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, उतारावरून चालत बाहेर. तिथं उतरून कळंगुट-बागा करायला जाऊ नका, निम्मा दिवस रस्त्यात जाईल. वास्कोजवळचं बोगमाळो गाठा. आम्ही टॅक्सी करून मंगेशीला गेलो आणि वेळेच्या दोन तास आधी परत आलो. जहाज कुणासाठी थांबत नाही.

सीझन? पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ नसते. कोकणच्या बोटीही पावसात बंदच असत. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शहाण्यासारखा वागतो. बुकिंग लवकर करा, कारण मधल्या खोल्या आधी जातात. ओळखपत्र, वेब चेक-इन आणि एक छोटी पिशवी हाताशी. मोठ्या बॅगा आत जमा होतात आणि खोलीवर यायला वेळ लागतो. औषधं त्या छोट्या पिशवीत. आईसाठी डॉक्टरांना विचारून अॅव्होमिन घेतली होती. ती बोट लागायच्या आधी घ्यायची असते, लागल्यावर नाही, आणि तिनं झोप येते. शिवाय आल्याच्या वड्या, तिच्याच हातच्या.

आणि मोबाइल! किनारा सुटला की रेंज जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल बघून तुम्हाला जमिनीवर बोट लागेल. बॉसला आधीच सांगून ठेवा. 'मी समुद्रात आहे' ही या जगातली शेवटची खरीखुरी सबब उरलीय, वाया घालवू नका.

निघण्याआधी बॅलार्ड पिअरला ग्रीन गेटातून आत गेलो. (आता तिथं सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालंय.) आई जहाजाची उंची बघून थांबली. मग म्हणाली, 'ही बोट कुठाय? ही तर सोसायटी आहे.'

जहाजावरचा पहिला कार्यक्रम डीजेचा नसतो, ड्रिलचा असतो. लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा वाजला तर कुठं जमायचं. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, तेव्हा चढलेल्या कितीतरी प्रवाशांचं हे ड्रिल व्हायचंच होतं. त्यानंतर नियम कडक झाला. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी ड्रिल व्हावंच लागतं. आजूबाजूची गँग सेल्फी काढत होती. आईनं मात्र पट्टा कसा आवळायचा ते त्या मुलाला दोनदा करून दाखवायला लावलं. मग खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत स्वतः चालत गेली, परत आली, मिनिटं मोजली. 'चार,' म्हणाली. आणि त्या क्षणापासून तिचा चेहरा बदलला. मी निवडलेली खिडकी, मधली खोली, खालचा डेक या सगळ्यापेक्षा ती चार मिनिटं तिला जास्त कामाला आली असावीत. बुफेत तिनं जिलेबी दोनदा घेतली.

पहाटे चारला बाबांनी मला शिडीवरून उतरवलं. खोलीतले दिवे बंद, तिघंही काचेला नाक लावून. बाहेर मिट्ट काळोख, मच्छीमारांचे चारदोन दिवे, आणि लांब, खूप लांब, काहीतरी लुकलुकत होतं. बाबांनी ताबडतोब जाहीर केलं, 'देवगड!' ते देवगडच होतं की विजयदुर्ग की नुसताच एखादा ट्रॉलर, हे मी त्यांना विचारलं नाही. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

शाल गुंडाळून बसलेली आई म्हणाली, 'मग? उतरायचंय का? पडाव बोलावू?'