जुनेराची ऊब

दिवाळी सरते, भात झोडून कणगीत जातं, पेंढ्याची उडवी रचून होते आणि म्हसळ्याच्या वाड्यावाड्यांत गाठोडी सुटायला लागतात. वर्षभर माळ्यावर साठवलेलं जुनेर अंगणात येतं. दुपारची जेवणं उरकली की आम्ही बायका गोधडीला बसतो. खाली लुगडं ताणून अंथरायचं, त्यावर विटलेल्या धोतरांचे, चादरींचे थर लावायचे, तळहाताने सुरकुत्या मोडत जायचं, कडांवर दगड ठेवायचे. वरचा थर तुकड्यांचा. प्रत्येकीने आपापल्या घरी चार त्रिकोण जोडून वीतभर चौकोन करायचे आणि ते घेऊन यायचं. कोणाचा चौकोन कुठे बसवायचा, यावर निम्मी दुपार जाते आणि ती सगळ्यांना हवीच असते.

मग चौघी चार बाजूंना बसतात. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि फेर घेत आत सरकतो. टाका लांब पडला की काकी लगेच हटकते, "बारीक घाल गो, पोराच्या पायाचं बोट अडकंल." तरी प्रत्येकीचा टाका वेगळाच राहतो. एकीचा तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा किंचित तिरका. गोधडी धुवायला काढली की कुठली बाजू कोणी शिवली, ते आजही हाताला कळतं.

कडेकडून आत शिवत जायची हीच रीत उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांच्या गोधडीत, म्हणजे कवांदमध्येही आहे. सिद्दी हे नाव आमच्याही ओळखीचं: १९४८ पर्यंत म्हसळा जंजिरा संस्थानात होतं. तिथले राज्यकर्ते सिद्दी. हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीतले सिद्दी मोलमजुरीचे. दोघांचे पूर्वज आफ्रिकेतले, इतिहास मात्र निराळे. त्या बायका कवांदच्या कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात आणि मधला शेवटचा तुकडा शिवून बंद करण्याआधी त्यात तांदळाचे दाणे ठेवतात. पांघरुणाचं पोट रिकामं राहू नये, एवढी माया!

नवं कापड गोधडीला चालत नाही. त्यात खळ असते, सुई अडते. पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि शेजारच्या तुकड्याला ओढून घेतं. जुनेर किती धुण्यांतून गेलेलं असतं! आटायचं तेवढं आटलेलं, रंग सोडायचा तेवढा सोडलेला. म्हणून ते कोणाच्याही शेजारी नीट नांदतं. पूर्वी आमच्याकडचं बरंचसं कापड मुंबईहून यायचं. घरातला माणूस गिरणीत असे. आईच्या गोधडीत त्या काळचं जाड, पांढरं गिरणी कापड आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मुंबईहून येणारे पैसे आटले, आणि त्यानंतरच्या गोधड्यांत ठिगळावर ठिगळ दिसतं. पण अंगावर घेतल्या की त्याच सगळ्यांत मऊ लागतात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं, पत्रे उडाले आणि गोधड्या भिजून ओंडक्यासारख्या जड झाल्या. थर जितके जास्त, तितकं पाणी. आणि पुढे चार महिने पाऊस. कुजलेल्या टाकून द्याव्या लागल्या. त्या हिवाळ्यात वाडीतल्या ज्या घरांचं अंथरूण-पांघरूण गेलं होतं, त्यांच्यासाठी आधी शिवायचं, हे कोणी ठरवलं नाही. गाठोडी आपोआप त्यांच्या अंगणात गेली. ज्या बाईच्या घरात धड चिंधी उरली नव्हती, तिच्या गोधडीत साऱ्या वाडीचे चौकोन आले.

आता अडचण कापडाचीच आहे. रोजची साडी सिंथेटिक. ती सुईखाली घसरते, घाम टिपत नाही. ती झिजत नाही, नुसती जुनी होते. सुती जुनेरासाठी आम्हाला घरोघरी विचारावं लागतं. म्हणून सांगावंसं वाटतं: कपाटात घडी घालून ठेवलेली सुती साडी असेल तर ती बाहेर काढा, नेसा, कामाला लावा. तिला उन्हात वाळू द्या, तिचा पदर लेकराला पुसायला येऊ द्या. ती अंगावर विरली की वाया गेली असं समजू नका. गोधडीत घालण्याजोगी ती तेव्हाच झालेली असते.