घसारा

मराठीच्या तासाला वर्गात शिरावे, तर आधीच्या पुस्तपालनाच्या तासाचा फळा तसाच राहिलेला असे, आणि तो पुसताना ‘घसारा’ हा शब्द हाताखालून जाई. घासण्याशी नाते सांगणारा इतका नेमका शब्द वाणिज्यवाल्यांकडे असावा याचा आम्हा दोघांना थोडा हेवाही वाटे. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांला 2019 च्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या मोटारसायकलीने शिकवला.

हा मूलचा. मराठीत एम. ए. झालेला आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा. सकाळी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात, दुपारी गडचिरोलीच्या दुसऱ्या. 1982 साली जिल्हे वेगळे झाले. पण 2011 च्या गोंडवाना विद्यापीठामुळे दोन्हीकडचा अभ्यासक्रम एक, त्यामुळे एकच टिपण दोन्ही टोकांना चालते. मधला रस्ता चिचपल्लीच्या जंगलातला, पुढे सावली, व्याहाड आणि वैनगंगेचा पूल. प्रवासभत्ता नाही. दोन्हीकडे मानधनातून दहा टक्के कर कापला जाई आणि कपातीची नोंद ‘व्यावसायिक शुल्क’ अशी होई. तो कर परत कसा मिळवायचा, हे विचारायला तो आला होता.

आम्ही पगारदार. आमचे विवरणपत्र ‘सहज’ नावाचे, आणि ते भरतोही सहज. लहान धंदेवाल्यांच्या ढोबळ हिशेबाचे पत्र ‘सुगम’. प्रत्यक्ष खर्च आणि घसारा मागणाऱ्याच्या पत्राला मात्र नुसता क्रमांक आहे, तीन. त्याला नाव देण्याइतका जिव्हाळा कोणाला वाटलेला दिसत नाही. कलम 44एडीए तेव्हा काही व्यवसायांत निम्मी प्राप्ती खर्च म्हणून गृहीत धरत असे. त्या यादीत वकील, डॉक्टर, अभियंते आहेत, चित्रपटाचे गीतकार आणि संवादलेखकही आहेत. शिक्षक नाही. म्हणजे चित्रपटासाठी गाणे लिहिणारा त्यात बसतो, तेच गाणे वर्गात शिकवणारा बसत नाही. असो.

मग कागद-पेन्सिल घेऊन आम्ही हिशेबाला बसलो. 1961 च्या कायद्याच्या कलम 32 ला दोनच गोष्टी हव्या होत्या : वाहन पूर्णतः वा अंशतः आपल्या मालकीचे असावे, आणि ते व्यवसायासाठी वापरलेले असावे. भाड्याने धावणाऱ्या ट्रक-टॅक्सीला 30 टक्के, स्वतःच्या कामाच्या मोटारीला वा दुचाकीला 15. सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्लीकडचा रस्ता कसा केला आहे हे पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते, की दर वाहनाप्रमाणे बदलतो, रस्त्याप्रमाणे नाही. गाडी त्याने 70,000 रुपयांना घेतली होती, 2017 च्या दिवाळीच्या पाडव्याला. वर्षात 180 दिवसांहून कमी वापर झाला तर घसारा निम्मा. दसऱ्याला, म्हणजे 30 सप्टेंबरला घेऊन लगेच वापरली असती तर मार्चअखेर 183 दिवस भरले असते. पाडव्याने ते 163 वर आणले. मुहूर्त चुकला म्हणतात तो असा. म्हणून पहिल्या वर्षी 5,250. उरलेल्या 64,750 वर दुसऱ्या वर्षी 9,712. दरवर्षी उरलेल्याचाच अंश वजा होत असल्याने कागदावर ही गाडी कधीच शून्याला पोचत नाही. रविवारी तीच गाडी बहिणीला बाजारात नेते, तेव्हा कलम 38 प्रमाणे तेवढा भाग वगळायचा. सहा सप्तमांश धरले, तर साधारण 8,300. पेट्रोलच्या पावत्या त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या, पण निम्म्यांची शाई उडाली होती.

एवढे झाल्यावर आमच्या लक्षात आले, की या आकड्याने काहीच बदलत नाही. दोन्हीकडचे मिळून त्याचे वर्षाचे मानधन 1,40,000. करपात्रतेची मर्यादा तेव्हा अडीच लाख. घसारा मागो न मागो, कापलेले 14,000 परत मिळणारच होते. ज्याची गाडी सर्वांत जास्त झिजते त्याला सवलत निरुपयोगी, कारण सवलत मिळायला आधी कर लागावा लागतो. फक्त विवरणपत्र भरायला हवे होते, आणि उत्पन्न ‘व्यवसाय’ या सदरात दाखवायला हवे होते.

तिथे तो अडला. “मंग मी नोकरीत नाही, हे मीच लिहून द्यायचं जी?”

पुढेमागे जागा निघेल, मुलाखतीत अनुभवाचे दाखले मागतील, आणि कोणी म्हणेल, की हा तर आपल्याच सहीने व्यावसायिक आहे. ही भीती अनाठायी आहे, कराच्या सदराने अध्यापनाचा अनुभव पुसला जात नाही, असे आम्ही त्याला समजावले. पण समजावताना आमच्याही आवाजात जोर नव्हता. त्याच्यासारख्याला नोकरदार म्हणायचे की नाही, हे आमच्याच महाविद्यालयांनी कधी सांगितलेले नाही.

त्याने हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला. पत्र भरण्याची मुदत त्या वर्षी 31 ऑगस्ट होती, शनिवार. संध्याकाळी त्याचा फोन आला तो तिसऱ्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा विचारायला. मागे ट्रक जात असल्याचा आवाज येत होता. कुठे आहेस, विचारले, तर म्हणाला, पुलावर. चेन उतरली आहे, बसवतो आहे. विवरणपत्राचे आम्ही विचारले नाही.