मुलांना बोलते करू या

वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकणाऱ्या मुलाला घरी ‘मी नापास झालो’ एवढे एक वाक्य उच्चारता येत नाही. अशी मुले-मुली आम्ही आमच्या सेवाकाळात पाहिली आहेत. पाठ केलेले भाषण ओठांवर येते. मनातील व्यथा मात्र घशाशीच अडते. लोक हसतील, बाबा रागावतील, हे भय तिला अडवते. व्यासपीठावर पाय लटपटतात तेही याच भयाने. म्हणून दोहोंवर औषध एकच : शांतपणे ऐकून घेणारा माणूस.

आपली जीभ जड आहे, असे मोशेने सांगितले तेव्हा परमेश्वराने त्याचा भाऊ अहरोन याला सोबतीस दिले. युवकांविषयी २०१८ साली रोममध्ये भरलेल्या सिनडनंतर पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस विवित’ (२०१९) या पत्रात युवकांना वेळ देऊन ऐकण्यावरच भर दिला.

धर्मग्रामात आठ-दहा मुलांचा गट करावा. प्रत्येकाने तीन मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलावे. कोणी हसू नये, मध्येच तोडू नये, ऐकलेले बाहेर नेऊ नये. तेथे धीर आला की त्याच मुलाला मिस्सामध्ये वाचनासाठी उभे करावे. जिवाला धोका जाणवल्यास मात्र गुपित राखू नये. पालकांना सांगावे आणि २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलावे.

पालकहो, आज रात्रीच्या जेवणाला मुलांची विचारपूस करा आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत उपदेश आवरा. उपदेशासाठी रविवारी आम्ही आहोतच!