मृगातली पेरणी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात हिवाळ्यात हरभऱ्याची जागल असते. रोही एका रात्रीत पीक साफ करतात, म्हणून घोंगडं आणि बॅटरी घेऊन मचाणावर बसायचं. अशा वेळी मृग नक्षत्र वर चढलेलं असतं. जूनमध्ये आम्ही सारे त्याचीच वाट पाहतो, पण तेव्हा ते दिसत नाही. सूर्यच त्या नक्षत्रात असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका आहे. साध्या दुर्बिणीतून तो पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. तो वायूचा ढग आहे, सुमारे 1300 प्रकाशवर्षांवर, आणि त्यात तारे जन्मताहेत.

आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत आज वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे घडतात. विश्वात 8 ते 10 अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांचं हे पीक आजच्या सुमारे दसपट होतं. मग ते ओसरलं का?

त्याचा मोठा धागा जुन्नरजवळच्या खोडदला सापडला. गोविंद स्वरूप यांनी तिथे उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन तिच्यावर मोजला. एकेकीचा संकेत हाती लागणं अशक्यच, म्हणून त्यांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. 2020 साली निष्कर्ष आला: तारे ज्या वेगाने घडत होते, त्या वेगाने तो वायू एक-दोन अब्ज वर्षंच पुरणार होता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून ताऱ्यांचा जन्म मंदावला.

हे वाचताना मला आमची विहीर आठवली. एका वर्षी पावसाने ओढ दिली तेव्हा ती आणखी खोदायचं मी बाबांना सुचवलं. ते म्हणाले, "झराच आटला त इहीर खोदून काय करतं?" काठावर बसून पाहिलं, तर तळाशी मोटरचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला होता.

कधी मात्र अवचित बहरही येतो. गैया उपग्रहाच्या नोंदींत आपल्या तबकडीत 5.7, 1.9 आणि 1 अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्माला भरती आलेली दिसते. धनू राशीच्या दिशेची एक लहान दीर्घिका जवळून गेली, त्या काळांशी याचा मेळ बसतो.

यंदा डिसेंबरात रात्री दहा-अकराच्या सुमारास अंगणातला दिवा मालवा आणि बाणाखालचा तो ठिपका पाहा. तिथे अजून वायू शिल्लक आहे.