आधी पेपर, मग कंपाऊंड

मोसम खोऱ्यातली पिकअप डांबरी रस्त्यावर जेवढी चालते, तेवढीच शेतात चालते. सकाळी नामपूरच्या बाजार समितीत कांदा उतरवला की दुपारी तीच गाडी डाळिंबाच्या दोन ओळींमधून रिव्हर्समध्ये जाते. डाळिंबाच्या फांद्यांना काटे, बांधावर बाभळी. दोन हंगामांत दारांवर पांढऱ्या रेघा उमटतात. डेंटिंग-पेंटिंगच्या आमच्या कामात हे रोजचंच आहे. नखाने तपासायचं. नख अडकलं, तर ओरखडा सहसा क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली गेलेला असतो आणि तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो. नख सरळ घसरलं, तर आशा आहे.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या ओरखड्यांबद्दल. ते आम्ही स्वतः, मुद्दाम, पाण्याच्या पेपरने पाडतो.

रंग मारून वर क्लिअर मारला की काम संपलं असं गिऱ्हाईकाला वाटतं. आमच्याकडे बंदिस्त बूथ नसतो. शेडमध्ये रंग मारायचा तर खाली पाणी शिंपडून घ्यायचं आणि वारा पडण्याची वाट बघायची. तरी धुळीचा कण बसतोच. एप्रिल-मेच्या उन्हात थिनर झपाट्याने उडतं आणि क्लिअर सपाट पसरायच्या आत आवळतो, मग संत्र्याच्या सालीसारखा दाणा राहतो. गन जरा रेंगाळली की ओघळ. हे सगळं सपाट करायला आधी 1500 नंबरचा आणि मग 2000 चा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून मारायचा. मारून झाला की बॉनेट राखाडी, निस्तेज दिसतं. बाजूला उभा असलेला मालक इथेच घाबरतो आणि विचारतो, "भाऊ, आता कंपाऊंड कोणतं लावणार?"

कंपाऊंड म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट. त्याला तिच्या कंपनीचं नाव हवं असतं. माझ्या मते नाव नंतर. आधी बघायचं ते शेवटी कोणता पेपर मारला. 1000 नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी 18 मायक्रॉनचा, 1500 चा साडेबारा, 2000 चा दहाच्या आसपास. ओरखड्याची खोली कणापेक्षा कमी असते, पण कण जेवढा मोठा तेवढी ती वाढते. आणि ज्या क्लिअर कोटवर हे सगळं चालतं, त्याची पूर्ण जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते. माणसाचा केसही सहसा त्याहून जाड भरतो. ओरखडा काही कशाने भरून निघत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर खाली उतरवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा, एवढंच कंपाऊंड करतं. म्हणजे चकाकी येते ती जाडी खर्च करून. या क्लिअरमध्येच उन्हापासून रंग राखणारी द्रव्यं असतात. तो फार पातळ झाला की गाडी आज चमकते, पण काही वर्षांत छत आणि बॉनेट पांढरं पडून पापुद्रे सुटू लागतात.

म्हणून खर्च पेपरवर करावा. 1500 वर थांबून जाड कंपाऊंडने रेटण्यापेक्षा 2000 आणि मग 3000 ची फोमची डिस्क मारावी. पेपर हाताच्या ताब्यात असतो, थंड चालतो, सपाट कापतो. मशीनवरचं लोकरी पॅड गरम होतं आणि कडांवर कुठे खाईल सांगता येत नाही. 3000 पर्यंत गेलं की मध्यम कंपाऊंड आणि फोमचं पॅड पुरतं. 2000 वर थांबलो तर कापणारं कंपाऊंड लोकरी पॅडवर घ्यावं लागतं, आणि लोकरीने पाडलेले गोल भोवरे काढायला फोमवर बारीक पॉलिश वेगळं.

जाड कंपाऊंडची ही ओढ येते कुठून? मला वाटतं, ती जुन्या रंगातून आली. 1923 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपॉन्ट कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. आपल्याकडे तो इतका रुळला की जुने मिस्त्री अजूनही गाडीच्या रंगाला ड्यूकोच म्हणतात. तो रंग गनमधून मंदच पडायचा; चकाकी रबिंगनेच, म्हणजे कंपाऊंडने घासूनच, यायची. अँबेसेडर-फियाटवर एकावर एक हात चढवलेले असत, रबिंग करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे, आणि पुढे रबिंग करत राहायला पुरेल एवढा रंग खाली असे. आताचा हार्डनर घातलेला क्लिअर गनमधूनच चकाकत येतो आणि त्याचे हात दोनच असतात. ज्या उस्तादांनी आम्हाला शिकवलं त्यांचा हात ड्यूकोवर बसलेला होता आणि तो त्या रंगासाठी अगदी बरोबर होता. रंग बदलला, सवय मात्र डब्यासकट पुढे आली.

कंपाऊंड निवडायची माझी रीत साधी आहे. बॉनेटच्या मधोमध, कडेपासून लांब, वीतभर चौकोन घ्यायचा. कडांना आणि बॉडीलाईनवर मास्किंग टेप लावायची, कारण तिथे क्लिअर सगळ्यात पातळ बसतो. पॅनलला हाताची मागची बाजू लावून बघायची. चटका बसत असेल तर सावलीत थांबायचं. मग हाताशी असलेल्यांतलं सगळ्यात बारीक कंपाऊंड आधी. मशीन कमी वेगावर ठेवून ते पसरायचं, मग मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर सावकाश आडवं-उभं फिरवायचं. कंपाऊंड आधी दुधासारखं पांढरं असतं, मग पातळ होत जाऊन काचेसारखं पारदर्शक दिसू लागतं. ज्या कंपाऊंडचे कण घासताना फुटून बारीक होतात, ते इथवर नेलंच पाहिजे. मध्येच पुसलं तर जाड कणांच्याच रेघा राहतात.

पुसल्यावर टॉर्च तिरपा धरायचा. मी शेवटचा पेपर कायम एकाच दिशेने, सरळ मारतो, ते याच क्षणासाठी. सरळ रेघा दिसल्या तर त्या पेपरच्या, म्हणजे कंपाऊंड कमी पडलं. गोल रेघा दिसल्या तर त्या पॅडच्या, म्हणजे कंपाऊंड कापतंय पण पुढचं पॉलिश बाकी आहे. बारीक कंपाऊंडने सरळ रेघा गेल्या नाहीत तरच एक पायरी जाड. काळ्या स्कॉर्पिओवर हे लगेच दिसतं. पांढऱ्या पिकअपवर डोळे ताणावे लागतात, आणि पांढऱ्यावर कोणी बघत नाही म्हणून तिथे घाई करणं मला पटत नाही.

एक फसगत मात्र मोठी आहे. स्वस्त कंपाऊंडमध्ये तेल आणि मेण असतं. ते ओरखड्यात बसतं आणि गाडी त्या संध्याकाळी नव्यासारखी दिसते. दोन-चार वेळा धुतली की रेघा परत. म्हणून चौकोन तपासण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून तो पुसायचा. मेण निघून जातं आणि खरं काय ते उरतं. कंपाऊंडमध्ये सिलिकॉन असेल तर आणखी एक धोका: ते शेडमध्ये उडालं की पुढच्या गाडीच्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

थंडीत आणखी एक पथ्य. डिसेंबर-जानेवारीत आमच्या बागलाणात रात्री चांगल्याच गारठतात, हार्डनर सावकाश काम करतो. आज मारलेला क्लिअर उद्या सकाळी हाताला कोरडा लागतो, पण आत थिनर शिल्लक असतं. पेपर चोंदायला लागला, त्याच्यावर पांढऱ्या गुठळ्या धरल्या, तर थांबायचं. अशा क्लिअरवर रबिंग केलं तर चमक येते आणि आठवड्याभरात मरते. मालकाला लग्नाची तारीख गाठायची असली तरी एक दिवस मागून घ्यावा.

गाडीवाल्यांना एक विनंती. रंगवलेली गाडी ताब्यात घेताना ती सकाळच्या उन्हात उभी करायला लावा आणि एक कोपरा अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगा. चांगला कारागीर रागावणार नाही. आणि दरवर्षी दसरा-दिवाळीला चांगल्या गाडीवर रबिंग मारून घेऊ नका. सणापुरत्या चमकेला नीट धुणं आणि वर मेणाचा एक हात पुरतो.